जीवसृष्टीला पोषक वातावरण सापडणे आणि जीवसृष्टी सापडणे

मंगळाची किंवा गुरूच्या एखाद्या चंद्राची बातमी येते. मथळ्यात ‘जीवसृष्टीला पोषक वातावरण’ असते, आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर तीच बातमी ‘जीवसृष्टी सापडली’ म्हणून फिरू लागते. ही दोन विधाने अगदी वेगळी आहेत आणि त्यांना लागणारा पुरावाही वेगळा.

पोषक वातावरण म्हणजे द्रवरूप पाणी, कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक ही मूलद्रव्ये, सूक्ष्मजीवाला वापरता येईल अशी ऊर्जा आणि सोसवेल इतकीच आम्लता व खारटपणा. हे सगळे मोजता येते. क्युरिऑसिटी रोव्हरने फेब्रुवारी २०१३ मध्ये मंगळावरच्या गेल विवरात नेमके हेच केले. यलोनाइफ बे या भागातल्या खडकात त्याने जेमतेम साडेसहा सेंटिमीटर खोल भोक पाडले. बाहेर आली ती राखाडी भुकटी! मंगळाचा तांबडेपणा किती वरवरचा आहे, हे तिथे दिसले. त्या भुकटीत चिकणमातीची खनिजे निघाली. म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वी तिथे तळे होते आणि त्याचे पाणी फारसे आम्लही नव्हते, फारसे खारटही नव्हते. सूक्ष्मजीव तिथे जगू शकले असते, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला. ते तिथे होते, असे कोणीही म्हटले नाही.

‘होते’ म्हणायचे तर सापडलेली खूण निर्जीव रसायनक्रियेतून उमटूच शकत नाही, हे दाखवावे लागते. किती अवघड असते ते? १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाच्या मातीत पोषक द्रव घातला आणि वायू बाहेर पडला. क्षणभर वाटले, जीव सापडला. पण त्याच मातीत सेंद्रिय, म्हणजे जीवांना लागणाऱ्या कार्बनयुक्त रेणूंचा खात्रीलायक पत्ता लागेना. पुढे २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे, तापवले की सेंद्रिय रेणू मोडणारे क्षार आढळले आणि जुन्या निकालांचा रासायनिक अर्थ लावणे सोपे झाले. तिथल्या मातीचे रसायन कळण्याआधीच आपण जीवाचा प्रश्न विचारून बसलो होतो. आधी परिसर समजून घ्यायचा, मग जीव शोधायचा, हा आजचा क्रम मला म्हणूनच योग्य वाटतो.

आपला गोंधळ होण्याचे खरे कारण पृथ्वीच आहे. इथे जगण्याजोगी जागा रिकामी राहतच नाही. लाव्हा थंड झाला की थोड्याच काळात त्यावर सूक्ष्मजीव येतात. लोणारच्या सरोवराचा सामू (pH) १० च्या आसपास, म्हणजे पाणी बरेच अल्कधर्मी, शिवाय खारट, तरीही ते सूक्ष्मजीवांनी भरलेले आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले तेही क्षारप्रेमी हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले. त्यामुळे ‘जगता येईल’ आणि ‘कोणीतरी जगत आहे’ यांतला फरक आपल्याला इथे अनुभवायला मिळतच नाही.

नुसते पाणी असले म्हणजे जागा पोषक ठरते, असेही नाही. इथिओपियातल्या डालोलच्या पिवळ्या-हिरव्या गरम डबक्यांत पाणी भरपूर आहे. पण तीव्र आम्लता आणि टोकाचा खारटपणा तिथे एकत्र येतो, शिवाय काही डबक्यांत मॅग्नेशियमचे क्षार इतके असतात की पेशीतले रेणूच मोडतात. २०१९ मध्ये एका गटाने तिथे अतिसूक्ष्म जीव असल्याचे म्हटले. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने बारकाईने तपासून सांगितले की सर्वांत टोकाच्या डबक्यांत जीव नाहीत, मिळालेल्या खुणा बाहेरून आलेल्या असू शकतात. हात लावता येईल अशा डबक्यांबद्दल इतका वाद होतो, तर कोट्यवधी किलोमीटरवरच्या खुणेबद्दल किती सावध राहावे लागत असेल!

ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचेल आणि त्याच्या युरोपा या बर्फाच्छादित चंद्राच्या जवळून सुमारे पन्नास फेऱ्या मारेल. बर्फाच्या कवचाची जाडी, खालच्या समुद्राचा खारटपणा आणि पृष्ठभागावरची रसायने ते तपासणार आहे. तिथला समुद्र पोषक आहे का, एवढाच त्याचा प्रश्न आहे. जीव शोधण्याचे काम या मोहिमेला दिलेलेच नाही.