प्रायव्हेट पासिंग की कमर्शियल पासिंग? जुनी डिझेल पिकअप घेण्यापूर्वी

‘पासिंग’ हा शब्द आपण गोव्यात दोन अर्थांनी वापरतो आणि जुनी पिकअप घेणाऱ्यांचा पहिला घोटाळा त्या शब्दापाशीच होतो. ‘गाडी प्रायव्हेट पासिंगची आहे’ असे विकणारा सांगतो तेव्हा तो नोंदणीच्या वर्गाविषयी बोलत असतो. ‘गाडी नुकतीच पासिंग करून आणली आहे’ असे म्हणतो तेव्हा वाहतूक खात्याने दिलेला तंदुरुस्तीचा, म्हणजे फिटनेसचा दाखला त्याच्या मनात असतो. दहा वर्षांच्या आतल्या एकाच गाडीविषयी ही दोन्ही वाक्ये एका दमात ऐकू आली, तर कागद पुन्हा मागून घ्यावेत, कारण खासगी वर्गातल्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि तोपर्यंत तिला फिटनेससाठी नेण्याचा प्रश्नच येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मावसभावासाठी गाडी बघताना म्हापशाजवळच्या एका जुन्या गाड्यांच्या आवारात दोन पिकअप शेजारीशेजारी उभ्या होत्या. दोन्ही पांढऱ्या रंगाच्या, दोन्ही डिझेल, दोन्हींची केबिन पाच माणसांची आणि मागे उघडा हौदा. एकीला पांढरी नंबरप्लेट होती, दुसरीला पिवळी, आणि पिवळीची किंमत पांढरीच्या जवळपास निम्मी होती. भावाचे सत्तरी तालुक्यात कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. सुपारी, नारळ, केळी बाहेर काढायची, खत आणि पाइप आत न्यायचे आणि सणासुदीला घरच्यांना घेऊन फिरायचे, एवढीच त्याची गरज. त्याचा प्रश्न साधा होता: “काम एकच असेल तर पाटीच्या रंगासाठी एवढे पैसे का मोजायचे?”

त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण पाटीचा रंग हे नोंदणीच्या वर्गाचे बाहेर दिसणारे चिन्ह आहे आणि त्या वर्गावर गाडीचा वापर, विमा, तपासणी आणि तिचे आजवरचे आयुष्य असे सगळेच अवलंबून असते. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी वाहन, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे व्यावसायिक वाहन. (काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरे गोव्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत, पर्यटक स्वतः चालवत फिरतात त्या भाड्याच्या गाड्यांची ती पाटी.) पिकअपच्या बाबतीत गोंधळ वाढतो तो गाडीच्या बांधणीवरून वर्ग ओळखता येत नाही म्हणून. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ पासून आणि टोयोटाची हायलक्स २०२२ पासून भारतात खासगी नोंदणीने विकली जाऊ लागली. महिंद्राची बोलेरो कॅम्पर मात्र तशीच मोठी केबिन असूनही बहुधा मालवाहू वर्गातच नोंदलेली आढळते. म्हणून गाडी बघण्याआधी आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, ‘वाहन वर्ग’ हा रकाना वाचावा.

आता मूळ मुद्दा: पांढऱ्या पाटीच्या पिकअपमधून स्वतःचाच माल नेला तर चालते का? बाजारात याचे उत्तर ‘स्वतःचा असेल तर चालते, भाड्याचा असेल तर नाही’ असे ठोकून दिले जाते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची भाषा वेगळी आहे. त्यातल्या व्याख्येप्रमाणे केवळ मालासाठी बांधलेले वाहन हे तर मालवाहू आहेच, पण तसे बांधलेले नसलेले वाहनही मालासाठी वापरले जाते तेव्हा मालवाहूच ठरते. माल कोणाचा, भाडे घेतले की नाही, हा प्रश्न तिथे येत नाही. ‘माल’ या शब्दातून कायद्याने वगळले आहे ते प्रवाशांचे वैयक्तिक सामान आणि मोटारीतून नेलेल्या वापरातल्या वस्तू. म्हणजे सासरी जाताना हौद्यात बॅगा आणि फणस टाकले तर कोणी काही म्हणणार नाही; दर आठवड्याला सुपारीची पोती घेऊन बाजार गाठला तर तो मालवाहू वापर झाला, मग सुपारी आपल्याच कुळागरातली का असेना.

इथेच तीन हजार किलोंचा गैरसमज पुढे येतो. ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३००० किलोंच्या पुढे जात नाही तिला परमिटची गरज नाही, अशी सूट कलम ६६ मध्ये आहे आणि ती खरी आहे. ती सूट परमिटपुरतीच आहे. गाडीचा वर्ग त्याने बदलत नाही, फिटनेस टळत नाही आणि खासगी विमा व्यावसायिक होत नाही. पांढऱ्या पाटीची पिकअप विकणारा ‘तीन टनांच्या आतली आहे, बिनधास्त माल घाला’ असे म्हणतो तेव्हा तो एका वर्गाची सवलत दुसऱ्या वर्गाच्या गाडीला चिकटवत असतो.

फिटनेसचा हिशेब असा: मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दाखला दोन-दोन वर्षांचा मिळतो आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावा लागतो. दाखल्याची मुदत संपली तर त्या गाडीची नोंदणीच कायद्याने वैध समजली जात नाही; म्हणून ‘दोन महिन्यांपूर्वी संपले आहे, तुम्ही करून घ्या’ हे वाक्य किरकोळ नव्हे. पिवळ्या पाटीच्या जुन्या गाडीची कमी किंमत पाहून हुरळून जाण्याआधी दर वर्षीची ही फेरी, त्याआधीची डागडुजी आणि रस्ता-कर कोणत्या तारखेपर्यंत भरलेला आहे, हे तिन्ही किमतीत मिळवावे. उलट, पिवळ्या गाडीला हलक्या वाहनाचा साधा परवाना चालत नाही ही भीती मनातून काढून टाकावी. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हा वाद मिटवला असून ७५०० किलोंपर्यंतचे व्यावसायिक वाहन त्याच परवान्यावर चालवता येते.

विम्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि नुकसान सर्वांत जास्त तिथेच सोसतात. खासगी गाडीच्या पॉलिसीवर वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि भाड्याने मालवाहतूक त्यात बसत नाही. आमच्या वाड्यावरच्या एकाची पांढऱ्या पाटीची पिकअप चोर्ला घाटात झाडावर आदळली. सर्वेक्षक आला, त्याने बंपरच्या आधी हौद्याचे फोटो काढले. हौद्यात दुसऱ्याच्या घराचे चिरे होते. दावा नामंजूर झाला आणि दुरुस्तीचे सगळे पैसे त्याला खिशातून घालावे लागले. विमा कंपनीला शिव्या घालत तो वर्षभर फिरला, पण पॉलिसी मी वाचली आहे आणि त्या ओळी तिच्यात स्पष्ट होत्या.

पिवळ्या पाटीच्या गाडीत याच्या नेमकी उलटी चूक होते. तिथे माल सुरक्षित, माणसे असुरक्षित. चवथीला गणपती आणताना हौद्यात दहा-बारा जण उभे राहतात, भजनी मंडळ वाद्यांसकट मागे बसते, मजूर तर रोजच. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी असेल तर गोष्ट वेगळी, पण फुकट बसवून नेलेल्या माणसाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. ती जबाबदारी मग मालकाच्या अंगावर येते.

कागद एवढे पुरे, आता लोखंड. पिवळ्या पाटीची पिकअप म्हणजे ओझ्याखाली गेलेली पिकअप असे गृहीत धरून बघायला सुरुवात करावी. आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यांतला फरक म्हणजे तिची क्षमता. समजा ती १२०० किलो आहे. सिमेंटची गोणी ५० किलोंची, म्हणजे २४ गोण्या, त्याही चालक आणि सोबत्याचे वजन न धरता. बांधकामावर जाणाऱ्या गाडीत चाळीस गोण्या सहज दिसतात, म्हणजे ८०० किलो जास्त. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वर जादा टनामागे २,००० रुपये असा आहे, पण दंड भरून सुटका होते ती मालकाची; मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांची होत नाही. मागच्या चाकाशी वाकून पाट्यांची कमान पाहावी. रिकाम्या गाडीत ती अजून वर वळलेली हवी. सपाट झालेली असेल, किंवा एक पाटा बाकीच्यांपेक्षा नवा आणि काळाभोर असेल, तर तो भार सोसण्यासाठी नंतर घातलेला आहे असे समजावे. तिथून पुढे केबिनच्या मागे, जिथे हौदा सुरू होतो तिथे, चासीच्या दोन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवावे. वेल्डिंगचा जाड ओघळ हाताला लागला तर सौदा तिथेच थांबवावा. मासळी वाहिलेल्या गाडीत आडव्या पट्ट्यांचा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त गंजलेला असतो, कारण बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या सांध्यांतून तिथे ठिबकत राहते. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर फेऱ्या मारलेली गाडी कितीही धुतली तरी तिथला गंज लपत नाही.

पांढऱ्या पाटीच्या पिकअपला आपण विनाकारण निर्दोष समजतो. ती ओझ्याने झिजलेली नसेल, पण हौसेने झिजलेली असू शकते. समुद्राच्या वाळूत घातलेली, उंची वाढवून मोठे टायर लावलेली, ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकात फेरफार केलेली गाडी आवारात चकाचक दिसते. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर तो मऊ मातीत घालून पाहिल्याशिवाय चालतो असे मानू नये. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ या धुराच्या प्रदूषणाच्या मानकातल्या, डिझेल गाडीत एक उफराटा प्रकार आहे. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, ज्याला सगळे डीपीएफ म्हणतात, तो साफ होण्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो आणि तो तापतो सलग, वेगात चालल्यावर. घर ते पणजी, पणजी ते घर अशा तुटक फेऱ्यांत वापरलेल्या पांढऱ्या गाडीचा फिल्टर तुंबलेला निघतो, तर बेळगावहून रोज भाजी आणणाऱ्या पिवळ्या गाडीचा साफ असतो. कमी किलोमीटर म्हणजे चांगले इंजिन हा नियम इथे उलटा पडतो. त्याआधीच्या बीएस-४ गाडीत ही भानगड बहुधा नसते, म्हणून भावाला मी त्याच पिढीतली गाडी बघायला सांगितले होते. इंजिन कोणत्याही पाटीचे असो, ते थंड असतानाच सुरू करून पाहावे. आपण पोहोचण्याआधीच बॉनेट गरम असेल तर चहा पिऊन, किंवा दुसऱ्या दिवशी, परत यावे.

सर्वांत वाईट गाडी तिसरीच: पिवळीची पांढरी झालेली. रीतसर अर्ज करून, परवानगी घेऊन आणि कर भरून वर्ग बदललेला असेल तर हरकत नाही. तो बदल आरसीवर दिसतो. केवळ पाटी बदललेली असेल तर सरकारच्या एम-परिवहन ॲपमध्ये क्रमांक टाकताच मूळ वर्ग, फिटनेस आणि विम्याच्या तारखा समोर येतात. पण डोळ्यांनाही पुरावे मिळतात. मालवाहू गाडीच्या बाजूला तिची वजने रंगवलेली असतात आणि कडेला चमकत्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या आवारातल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीच्या हौद्याकडे मी उन्हाच्या तिरक्या कवडशात खाली बसून पाहिले, तेव्हा नव्या रंगाखाली पट्टीच्या दोन समांतर कडा आणि त्यांच्यावर आकड्यांचे उंचवटे दिसले. बोटालाही लागत होते. आवारवाल्याने ‘ते आधीच्या मालकाने केले असेल’ असे म्हटले आणि आम्ही पिवळ्या गाडीकडे वळलो.

गोव्याबाहेरची गाडी असेल तर तिकडच्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या स्वस्त गाड्या खाली येतात, त्यांच्या बाबतीत हा कागद हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. नावावर करून घेण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५, आणि विमा आपल्या नावे करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज, हे दोन्ही वर्गांना सारखेच. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही.

भावाने शेवटी पिवळी घेतली. स्प्रिंगचे पाटे सपाट होते, त्याचे पैसे किमतीतून वजा केले. फिटनेस महिन्याभरात संपणार होता, म्हणून ‘पासिंग करून द्या, मग उरलेली रक्कम’ अशी अट घातली. आवारवाला कुरकुरला, मग तयार झाला. पहिल्या वेळी मागचा एक दिवा आणि उखडलेल्या पट्ट्यांवरून गाडी परत पाठवली गेली. आठ दिवसांनी दाखला आला, भावाने ॲपमध्ये तारीख स्वतः पाहिली आणि मगच पैसे मोजले.