ट्राइबबॉल

ट्राइबबॉल हा जनावरे वळणाऱ्या जातींच्या कुत्र्यांसाठी जर्मनीत सुरू झालेला खेळ. मेंढरांच्या जागी व्यायामाचे मोठे फुगवलेले बॉल असतात. कुत्र्याने ते नाकाने किंवा खांद्याने ढकलत, लांब उभ्या असलेल्या हँडलरच्या, म्हणजे हुकूम देणाऱ्या माणसाच्या, सांगण्याप्रमाणे, एकेक करून फुटबॉलमध्ये असतो तशा गोलात आणायचे. जर्मनमध्ये ‘ट्राइबेन’ म्हणजे हाकणे, म्हणून हे नाव. जर्मनीत काम करणारे डच प्रशिक्षक यान नायबोअर यांनी २००३च्या सुमारास हा खेळ बसवला आणि २००८पासून त्याच्या स्पर्धा होऊ लागल्या.

मराठीत जनावरे ‘राखणे’ आणि जनावरे ‘वळणे’ हे दोन शब्द आपण बरेचदा अदलाबदलीने वापरतो. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. धनगरांच्या वाड्याबरोबर चालणारा कुत्रा राखणीचा असतो. रात्री लांडग्याची चाहूल लागली की तो भुंकतो, अंगावर जातो, पण मेंढरांच्या मागे लागत नाही. लागला तर तो त्याचा दोष ठरतो. मेंढरे वळतो तो धनगर स्वतः, हाळी घालून, शीळ घालून आणि काठीने. त्यामुळे ‘मेंढपाळाचा कुत्रा’ म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जो कुत्रा उभा राहतो, त्याला ट्राइबबॉलमध्ये फारसा रस वाटण्याचे कारण नाही. हा खेळ वळणाऱ्या कुत्र्यांचा आहे.

वळण्याचे मूळ शिकारीत आहे. लांडगा सावजावर नजर लावतो, दबकत पुढे सरकतो, पाठलाग करतो, पकडतो आणि मारतो. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत या साखळीचे पहिले दुवे बळकट केले आणि शेवटचे दुवे कमकुवत केले. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागातला बॉर्डर कॉली हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. तो मान खाली घालून, अंग जमिनीलगत ठेवून मेंढरांकडे एकटक पाहतो, आणि मेंढरे त्या नजरेनेच सरकतात. आजच्या बॉर्डर कॉलींची वंशावळ ज्याच्यापर्यंत नेली जाते तो ‘ओल्ड हेम्प’ १८९३मध्ये नॉर्थंबरलँडमध्ये जन्मला. कॉर्गी आणि ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग यांची तऱ्हा वेगळी: ते मागून येऊन गुरांच्या टाचेला हलकेच चावतात. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत सर्रास दिसणारा जर्मन शेफर्डही मुळात याच कामाचा. उभ्या पिकाच्या कडेने दिवसभर येरझारा घालून कळपाला शेतात घुसू न देणे, म्हणजे चालते कुंपण होणे, हे त्याचे काम होते.

कळप गेला तरी ही ओढ जात नाही. घरातली मुले पळू लागली की कुत्रा त्यांना वळसा घालून एका कोपऱ्यात आणतो, पाहुणे उठून निघाले की त्यांच्या टाचेशी येतो, सायकलमागे धावतो. काही बॉर्डर कॉली भिंतीवरच्या सावल्या नाहीतर उन्हाचा कवडसा तासन्‌तास ‘वळत’ बसतात आणि त्या नादातून बाहेर काढणे अवघड होऊन बसते. मालकाला हा खोडसाळपणा वाटतो. त्यावर तो कुत्र्याला आणखी पळवतो, आणि महिन्याभरात त्याच्याकडे तितकाच बेचैन पण दमसासात दुप्पट झालेला कुत्रा असतो. या जातींना नुसती दमणूक पुरत नाही. डोके लावायला काम लागते. ट्राइबबॉलचा उपयोग इथे आहे.

प्रचलित नियमांनुसार मैदानावर आठ बॉल बिलियर्डच्या चेंडूंसारखे त्रिकोणात मांडतात आणि टोकावरचा बॉल आधी काढायचा असतो. वेळ साधारण १५ मिनिटांची. संघटनेनुसार यात फरक पडतो. हँडलरने गोलाजवळची जागा सोडायची नाही. आवाज, शीळ आणि हातवारे एवढीच त्याची साधने. आठही बॉल आत गेले की कुत्रा गोलासमोर आडवा होतो आणि घड्याळ थांबते. बॉलची उंची कुत्र्याच्या खांद्याइतकी किंवा थोडी जास्त ठेवतात. लहान बॉल दिसला की कुत्रा तो तोंडात धरायला जातो, आणि दात लागले की बॉलही गेला आणि खेळही.

शिकवण्याची सुरुवात दिसायला गमतीची असते. बॉलखाली खाऊचा तुकडा ठेवतात. कुत्रा वास घेत मुस्कट आत खुपसतो, बॉल वीतभर सरकतो, तुकडा मिळतो. दहा-बारा वेळा झाले की तुकडा खाली नसतानाही तो बॉलला नाक लावून मालकाकडे पाहतो, आणि आता बक्षीस मालकाच्या हातून मिळते. पुढचा टप्पा खरा कठीण. बॉल दिसला की कुत्र्याला वाटते तो पुढे ढकलत सुटावे, म्हणजे मालकापासून दूर. त्याने करायचे असते उलट: बॉलला वळसा घालून पलीकडे जायचे, मालकाकडे तोंड करायचे आणि मग ढकलायचे. म्हणून ‘बॉलमागे जाऊन थांब’ हे बॉलशिवाय, जमिनीवर सतरंजीचा तुकडा टाकून, आधी वेगळे शिकवतात. मेंढरांवर काम करणारा बॉर्डर कॉली हे उपजतच करतो. मालक आणि कळप यांच्या सरळ रेषेत पलीकडे जाऊन उभे राहणे त्याच्या रक्तात असते. हुकूमही तिकडूनच आले आहेत: ‘कम बाय’ म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळसा, ‘अवे’ म्हणजे उलटा.

काम खेळात आणण्याची कल्पना नवी नव्हती. वेल्समधील बाला येथे ९ ऑक्टोबर १८७३ रोजी मेंढपाळ कुत्र्यांची स्पर्धा झाली. ती ब्रिटनमधील अशी पहिली स्पर्धा मानली जाते. १९०६मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली. पण त्या स्पर्धांना मेंढरे लागतात, कुरण लागते. ट्राइबबॉलला सपाट मैदान आणि हवा भरायचा पंप पुरतो.

मात्र बॉल हे मेंढरू नव्हे, आणि खेळाचे कौतुक करताना हे बहुधा सांगायचे राहते. मेंढरू मागे वळून पाहते, बिथरते, पाय आपटून कुत्र्याला अडवते, कळप फुटतो; कुत्र्याला क्षणाक्षणाला अंदाज बदलावा लागतो. बॉलवर नजर रोखली तर काहीच घडत नाही. बॉर्डर कॉलीचे सर्वांत धारदार हत्यार इथे बोथट पडते आणि ज्या स्पर्शाशिवाय मेंढरे हलवण्यात त्याचे कसब, तोच स्पर्श करावा लागतो. म्हणजे खेळातून भागते ती वळसा घालण्याची, गोळा करून आणण्याची आणि लांबून हुकूम झेलण्याची हौस. नजरेची भूक तशीच राहते. टाचेशी काम करणाऱ्या जातींना तुलनेने हा खेळ जास्त मानवतो, कारण मागून धक्का देणे त्यांच्या स्वभावातच आहे. लॅब्राडॉर आणि गावठी कुत्रीही तो शिकतात, मात्र ती बॉलपेक्षा खाऊसाठी.

आपल्या हवेत हा खेळ पहाटे किंवा दिवस मावळल्यावर, गवतावर किंवा मातीवर घ्यावा. बॉर्डर कॉली दमल्याचे स्वतःहून कबूल करत नाही. उन्हात जोराच्या खेळानंतर पाय लटपटून कोसळण्याचा विकार या जातीत माहीत आहे. म्हणून थांबण्याचा हुकूम ढकलण्याच्या आधी पक्का करतात, आणि खेळ संपला की बॉल कपाटात किंवा दाराआड जातात. ते समोर राहिले, तर कुत्रा रात्रभर त्यांच्यावर डोळा ठेवून बसतो.