बारीक टायर की रुंद? ब्रिटिश मूरवरच्या वादाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर लागला की ब्रिटनच्या मूरवर, म्हणजे पेनाइन्स, डार्क पीक, डार्टमूर अशा उंचावरच्या ओसाड, ओल्या माळरानांवर, माउंटन बाइक चालवणाऱ्यांमध्ये एक वाद ठरलेला असतो: हिवाळ्यासाठी बारीक मड टायर (चिखलासाठीचा टायर) चढवायचा, की आहे तोच रुंद टायर हवा कमी करून चालवायचा. दोन्हीकडचे लोक अनुभवावरूनच बोलतात आणि आपापल्या जागी बरोबरही असतात, फक्त ते एकाच चिखलाबद्दल बोलत नसतात. हा घोळ कसा झाला ते बघायचं तर ९० च्या दशकात जावं लागतं.

त्याआधीची माउंटन बाइकची सुरुवात बहुतेकांच्या माहितीतली आहे, कॅलिफोर्निया, जुन्या क्रूझर सायकली, २६ x २.१२५ चे बलून टायर, कोरडे धुळीचे उतार. हे प्रकरण ब्रिटनमध्ये आलं तेव्हा कायद्याची एक गोष्ट आधीच ठरलेली होती आणि टायरच्या चर्चेत ती कोणी फारशी काढत नाही. १९६८ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये सायकलला ब्रायडलवेवर (घोडेस्वारांसाठीच्या वाटांवर) जायची मुभा मिळाली, फूटपाथवर, म्हणजे रानातल्या फक्त पायी चालायच्या वाटांवर, मात्र नाही. म्हणजे सायकलवाल्यांच्या वाट्याला नेमके तेच रस्ते आले जे घोड्यांच्या टापांनी आधीच तुडवलेले असतात. स्कॉटलंडचं वेगळं, तिथे २००३ च्या कायद्याने मोकळ्या डोंगरावर जबाबदारीने फिरायचा हक्क मिळाला, त्यामुळे तिथली गणितंही वेगळी.

९० च्या सुरुवातीला मागे स्मोक आणि पुढे डार्ट ही टायरची जोडी जिकडेतिकडे दिसायची. दोन्ही नावाला २.१ इंची, रिम आतून जेमतेम १७ मिमी, आत ट्यूब, आणि दगडावर आपटून पंक्चर होऊ नये म्हणून हवा ४० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास. त्यात रिमला धरणारे कँटिलिव्हर ब्रेक आणि अरुंद चेनस्टे (मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या फ्रेमच्या नळ्या), चिखल जरा जमला की मागचं चाक फिरायचंच थांबायचं. म्हणून मग १.८, १.९५ असे बारीक टायर, उंच आणि एकमेकांपासून दूर असलेल्या नॉबचे (टायरवरच्या रबरी गाठींचे). ट्रेलरेकर हे त्यातलं ब्रिटनमध्ये खूप चाललेलं नाव. कारणं दोन सांगितली जायची. एक म्हणजे फ्रेममध्ये चिखलाला जागा राहते, आणि दुसरं म्हणजे बारीक टायर वरचा चिखल कापून खालच्या टणक जमिनीपर्यंत पोचतो आणि तिथे पकड घेतो.

पहिलं कारण त्या काळच्या फ्रेमपुरतं खरंच होतं. सगळा गुंता दुसऱ्यात आहे.

खाली टणक जमीन असेल तरच बारीक टायर तिच्यापर्यंत पोचेल ना. दक्षिण इंग्लंडमध्ये, चिल्टर्न्सच्या जंगलात किंवा शेताकडेच्या ब्रायडलवेवर ती असते, वर चिकणमातीचा थर आणि खाली खडू किंवा गारगोटी. ही चिकणमाती पावसाळ्यात काळ्या रानात सायकल घातल्यासारखी चाकाला धरून बसते, तिथे बारीक टायर आणि दूर दूर नॉब यांचा खरोखर उपयोग होतो. क्रॉस कंट्रीच्या रेसही बहुतेक अशाच जमिनीवर व्हायच्या, टायरच्या चाचण्याही अशाच ठिकाणी, आणि तिथला निष्कर्ष सरळ "चिखलासाठी बारीक" असा सगळीकडे पसरला.

मूरवरचं पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा आणि गवताचा थर, त्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच, आणि पेनाइन्सच्या माथ्यावर तो बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मीटर खोल. ते चिकणमातीसारखं टायरला चिकटून बसत नाही, बरंचसं धुऊन जातं, पण वजन पेलत नाही. तिथे बारीक टायर कापत जातो आणि कापतच राहतो, खाली टणक काही लागतच नाही, पुढचं चाक हबपर्यंत आत आणि चालवणारा हँडलवरून पुढे. टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो, म्हणजे ४० ऐवजी २० पीएसआयवर चालवलं तर जमिनीला टेकणारा भाग दुपटीच्या जवळपास जातो आणि चाक तेवढं कमी रुततं. मला विचाराल तर वाद इथेच संपायला हवा होता, पण ९० च्या दशकात ट्यूब आणि १७ मिमीच्या रिमवर २० पीएसआय चालवणं म्हणजे दर दगडाला पंक्चर, त्यामुळे रुंद टायरच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे दाखवायला काही नव्हतंच.

ते नंतर आलं, आणि तुकड्यातुकड्यांनी आलं. डिस्क ब्रेक आल्यावर रिमपाशी चिखल अडकायचं थांबलं. १९९९ मध्ये ट्यूबलेसचं पहिलं मोठं स्टँडर्ड आलं, पुढे बारीक भोकं आपोआप बुजवणारं सीलंट सर्रास झालं, त्यामुळे कमी हवेवर चालवणं शक्य झालं. २००५ च्या सुमारास ३.७ इंची टायरची फॅटबाईक दुकानात मिळायला लागली, बर्फ आणि वाळूसाठी बनवलेली, पण स्कॉटलंडमध्ये काही लोकांनी ती ८-१० पीएसआयवर दलदलीत घातली आणि जिथे बाकीचे ढकलत होते तिथे ते चालवत गेले. (चमकदार हिरवं स्फॅग्नम शेवाळ दिसतं तिथे मात्र फॅटबाईकही बुडते, तिथे कुठल्याही टायरने जाऊ नये.) मग पेडलपाशी एकच चेनरिंग (दातेरी चक्र) आणि रुंद हब, म्हणजे फ्रेममध्ये रुंद टायरला जागा, मग २.८-३.० चे प्लस टायर, आणि तो उत्साह ओसरल्यावर आतून ३० मिमी रिमवर २.३ ते २.४ चा टायर, २०-२५ पीएसआय, इथे बहुतेकजण येऊन थांबले.

खडीच्या रस्त्यांचा विचार या सगळ्यात नेहमी मागे पडतो आणि ते चूक आहे, कारण मूरवरच्या राइडमध्ये दलदल थोडी आणि खडी जास्त असते. ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी इस्टेटींनी केलेले ट्रॅक, सामान लादलेल्या घोड्यांचे जुने पॅकहॉर्स रस्ते, आणि डार्क पीकचा ग्रिटस्टोन हा खरखरीत दगड, जो ओला झाला तरी बऱ्यापैकी पकड देतो पण साइडवॉल (टायरची बाजू) फाडतो. उंच नॉबचा मड टायर यावर वाकतो, वळणात डुगडुगतो आणि एका हिवाळ्यात झिजतो. म्हणून पुढे मोकळ्या नॉबचा मऊ रबरचा टायर, मागे जरा ठेंगण्या नॉबचा पण जाड साइडवॉलचा, अशी वेगवेगळी जोडी लावायची पद्धत पडली. मला ती फक्त रुंदीच्या वादापेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते.

दरम्यान जमीनही बदलली. मँचेस्टर-शेफील्डच्या कारखान्यांच्या धुराने डार्क पीकचं शेवाळ शतकभर मारलं होतं, उघडं पीट वाहून जात होतं, आणि तिथल्या ब्लीकलो मूरवर २००३ मध्ये लागलेल्या आगीनंतर ते वाचवायचं काम मोठ्या प्रमाणात सुरू झालं, घळी बुजवल्या, स्फॅग्नम पुन्हा लावलं. ओल्या पीटवर चाकाने पडलेली चर पाण्याची वाट होते आणि मग तीच खोल होत जाते, कापत जाणारा बारीक टायर ती चर जास्त खोल पाडतो, हा मुद्दा टायरच्या चर्चेत फार उशिरा आला. डार्क पीकमधल्या कट गेटसारख्या ब्रायडलवेवरचा सगळ्यात वाईट दलदलीचा तुकडा लोकवर्गणीतून दुरुस्त झाला आहे. अशा वाटांवर दलदल कमी आणि दगड जास्त होत चालले आहेत, त्यामुळे १.८ चा मड टायर आता क्रॉस कंट्री रेस आणि दक्षिणेच्या चिकणमातीपुरताच उरलाय.