दूतावासात इंटर्नशिप करायची आहे? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

निवडीचं पत्र आलं की बहुतेक जण आधी तिकिटांचे दर बघायला लागतात. त्याआधी दूतावासाला एक प्रश्न विचारायला हवा: "मी कोणत्या व्हिसावर येऊ?" दूतावासाने निवडलं म्हणजे त्या देशात राहायची मुभा मिळाली, असं होत नाही. निवड एका सरकारची असते, राहण्याची परवानगी दुसऱ्याची. ही दुसरी परवानगी मिळवून देणं दूतावासाच्याही हातात नसतं. तो फार तर एक पत्र देतो. माझी इंटर्नशिप ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा सुरू झाली ती यामुळेच, आणि चूक माझीच होती. विचारलंच नव्हतं.

अर्ज नेमका कुठे?

"दूतावासात इंटर्नशिप" या दोन शब्दांत तीन-चार वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे आपल्याच देशाचा परदेशातला दूतावास. दुसरी, आपल्या देशातला परक्या देशाचा दूतावास. इथे व्हिसाची कटकट नसते, पण राजकीय विभागाचं दार सहसा बंद असतं. संस्कृती, व्यापार, शिक्षण, प्रसिद्धी अशा विभागांत काम मिळू शकतं. तिसरी, वाणिज्य दूतावास. दूतावास राजधानीत असतो, वाणिज्य दूतावास इतर मोठ्या शहरांत, आणि तिथलं काम माणसांच्या जास्त जवळचं: पासपोर्ट, जन्म-मृत्यूच्या नोंदी, अडचणीत सापडलेले नागरिक. चौथी, न्यूयॉर्क, जिनिव्हा, व्हिएन्ना इथली संयुक्त राष्ट्रांकडची स्थायी प्रतिनिधिमंडळं. यांचा अर्ज त्या-त्या देशाकडे करायचा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इंटर्नशिप निराळी, तिचा अर्जही निराळा. या दोन्हींत गल्लत करून चुकीच्या ठिकाणी अर्ज धाडणारे दरवर्षी निघतात.

काही देश सगळे अर्ज परराष्ट्र मंत्रालयामार्फत एकाच ठिकाणी घेतात, काही ठिकाणी प्रत्येक दूतावास स्वतः निवड करतो. आधी मंत्रालयाचं संकेतस्थळ पाहा, मग त्या दूतावासाचं. दोन्हीकडे काहीच सापडलं नाही तर प्रशासन विभागाला चार ओळींची ईमेल पाठवायला हरकत नाही. थेट राजदूतांना मात्र लिहू नका. ते पत्र फिरत-फिरत शेवटी प्रशासनाकडेच येतं, फक्त पंधरा दिवस उशिरा.

पात्रता

पहिली अट नागरिकत्वाची. आपल्या देशाच्या दूतावासात काम करायचं तर बहुतेक ठिकाणी त्या देशाचं नागरिकत्व लागतं. दुसरी, शिक्षण चालू असणं किंवा नुकतंच संपलेलं असणं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या विद्यार्थी इंटर्नशिपचं उदाहरण घ्या: अमेरिकी नागरिकत्व, वयाची १८ वर्षं पूर्ण, शिक्षण चालू आणि सुरक्षा पडताळणीत उत्तीर्ण होणं, या तिच्या मूळ अटी. या पडताळणीसाठी 'एसएफ-८६' नावाचा लांबलचक फॉर्म भरावा लागतो. त्यात मागच्या १० वर्षांतले राहण्याचे पत्ते, परदेश प्रवास, परदेशी व्यक्तींशी असलेले निकटचे संबंध असं सगळं विचारतात. इतर देशांचे फॉर्म सहसा आखूड असतात, पण प्रश्नांचा रोख तोच. तेव्हा अर्ज करायच्या आधीच एका वहीत कुठे, कधीपासून कधीपर्यंत राहिलात ते लिहून ठेवा. होस्टेलची खोली बदलली असेल तर तेसुद्धा. ऐन वेळी काही आठवत नाही.

आंतरराष्ट्रीय संबंध हाच विषय हवा, असं काही नाही. कायदा, अर्थशास्त्र, पत्रकारिता, हिशेब, संगणक, सगळं चालतं. भाषेचं मात्र विचारतातच. यजमान देशाची भाषा वर्तमानपत्र वाचण्यापुरती जरी येत असली तरी तुमचा अर्ज गठ्ठ्यात वर येतो, कारण सकाळी सकाळी वर्तमानपत्रं चाळणारं कुणीतरी प्रत्येक दूतावासाला हवं असतं.

कागदपत्रं

पासपोर्टची मुदत इंटर्नशिप संपल्यानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. कॉलेजचं बोनाफाईड, आतापर्यंतची गुणपत्रकं, एक-दोन शिफारसपत्रं आणि शक्यतो एकाच पानाचा बायोडाटा हे सगळीकडे लागतं. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असेल तर कॉलेज, तुम्ही आणि दूतावास अशा तिघांच्या सह्यांचा करार काही देशांत सक्तीचा असतो. फ्रान्समध्ये तो असल्याशिवाय पान हलत नाही. कॉलेजच्या कार्यालयात ही सही मिळायला किती दिवस लागतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र फार आधी काढू नका. ते जुनं झालं तर चालत नाही आणि पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं.

परदेशात दाखवायची पदवी किंवा जन्मदाखला असेल तर अपॉस्टिलचा प्रश्न येतो. अपॉस्टिल म्हणजे 'या कागदावरची सही-शिक्का खरा आहे' असं सांगणारा, हेग इथे १९६१ साली झालेल्या करारातला ठरावीक नमुन्याचा दाखला. दोन्ही देश या करारात असतील तर एका शिक्क्यात काम होतं. नसतील तर कागदाला पायरी-पायरीने वर चढावं लागतं: आधी स्थानिक अधिकारी, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास. जुन्या माहितीवर विसंबू नका. चीनमध्ये हा करार नोव्हेंबर २०२३ पासून, तर कॅनडात जानेवारी २०२४ पासून लागू आहे, त्याआधीचे सल्ले आता निरुपयोगी.

आरोग्य विमा बहुधा स्वतःच काढावा लागतो. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच अल्प मुदतीचा व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, या व्हिसासाठी तो किमान ३० हजार युरोंचा लागतो. हा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपुरताच असतो, त्यामुळे चार महिन्यांची इंटर्नशिप त्यात बसतच नाही. त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा घ्यावा लागतो. आणि कुणी "पर्यटक व्हिसावर या, पुढचं पुढे बघू" असं म्हणालंच, तर ते लेखी मागा. लेखी कुणी देत नाही.

अर्जासोबतचं पत्र

बहुतेक अर्ज इथेच गळतात. "मला लहानपणापासून मुत्सद्देगिरीचं आकर्षण आहे" हे वाक्य निवड करणाऱ्याने त्या सकाळीच दहा वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी तीन गोष्टी लिहा: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकता, कोणता विभाग हवा आणि का, आणि तुम्हाला आजच्या आज काय करता येतं. वीस पानांच्या अहवालाचं एका पानात सार काढता येत असेल तर तसं एक पान सोबत जोडा. माझ्या मते या पानाचं वजन गुणपत्रकापेक्षा जास्त असतं, कारण तुमच्याकडून रोज तेच करून घेणार असतात.

मुलाखत असलीच तर वीस मिनिटांची, फोनवर किंवा व्हिडिओवर. दोन्ही देशांमध्ये सध्या काय चाललंय, हे विचारतात. मतं कमी सांगा, माहिती नेमकी सांगा.

सुरू करायच्या तारखेच्या किमान सहा महिने आधी अर्ज केलेला बरा. सुरक्षा पडताळणी कडक असेल तर त्याहूनही आधी. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्यांनाच यायचं असतं, म्हणून तेव्हा चुरस जास्त. गंमत म्हणजे युरोपातल्या बऱ्याच राजधान्यांत ऑगस्टमध्ये मंत्रालयं रिकामी असतात आणि इंटर्नला फायली लावण्याखेरीज फारसं काम नसतं. सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ मागून पाहा.

पैसे आणि दर्जा

अनेक दूतावास विद्यावेतन देत नाहीत, काही थोडा भत्ता देतात. प्रवास, घरभाडं, विमा, शहरातला बस-मेट्रोचा पास हे चार आकडे मांडूनच होकार कळवा. राजधानीत राहणं स्वस्त नसतं आणि इंटर्नला बाहेर दुसरं काम करायची परवानगी व्हिसावर बहुधा नसते.

दर्जाबद्दल गैरसमज फार. दूतावासाचं आवार म्हणजे परक्या देशाची भूमी, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. जमीन यजमान देशाचीच असते. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम २२ नुसार तिथे दूतावासप्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाच्या अधिकाऱ्यांना शिरता येत नाही, इतकंच. याच करारात राजनैतिक अधिकारी, प्रशासकीय व तांत्रिक कर्मचारी, सेवक असे वर्ग आहेत आणि त्यानुसार सवलती ठरतात. इंटर्न नावाचा वर्ग त्यात नाही. एखादा देश आपल्या नियमांनी इंटर्नची नोंद करून घेतो ती गोष्ट वेगळी. एरवी तुम्ही तिथले साधे परदेशी रहिवासी. दंडाची पावती फाडली गेली तर ती निमूट भरायची. दूतावासाचं ओळखपत्र दाखवून सुटायचा प्रयत्न केलात तर दुसऱ्या दिवशी तेच ओळखपत्र परत मागतील.

रुजू झाल्यावर

पहिल्या दिवशी गोपनीयतेच्या कागदावर सही घेतात आणि फोन कुठे ठेवायचा ते दाखवतात. काही मजल्यांवर फोन नेताच येत नाही, काही दारांतून सोबत कुणी असल्याशिवाय जाता येत नाही. याचं वाईट वाटून घेऊ नका. कार्यालयातले फोटो सोशल मीडियावर टाकणं, अगदी स्वतःच्या टेबलाचासुद्धा, पहिल्या आठवड्यातच अंगाशी येऊ शकतं.

सकाळ वृत्तसारांशाने उजाडते. मग एखाद्या चर्चासत्राला मागच्या रांगेत बसून टिपणं, आल्यावर दीड पानाचा अहवाल. त्यात 'मला वाटतं' चालत नाही. कोण काय म्हणालं आणि कोणत्या प्रश्नाला बगल दिली, एवढंच. लवकरच 'नोट व्हर्बाल'शी गाठ पडते. दूतावास आणि मंत्रालय यांच्यातलं हे पत्र तृतीयपुरुषी असतं: अमुक देशाचा दूतावास परराष्ट्र मंत्रालयास सादर अभिवादन करतो आणि पुढील बाब कळवण्याचा बहुमान घेतो, वगैरे. विषय गाडी लावायच्या जागेचा असला तरी अभिवादन सुटत नाही. खाली पूर्ण सही नसते, आद्याक्षरं आणि शिक्का.

राष्ट्रीय दिनाच्या स्वागत समारंभाची यादी करताना राजशिष्टाचार कळतो. राजदूतांचा आपापसातला मान देशाच्या आकारावर ठरत नाही, तर त्या राजधानीत कोण आधी रुजू झालं त्यावर. व्हिएन्ना कराराचं कलम १६ तसं सांगतं. मी एकदा मोठ्या देशाचं नाव आपसूक वर लिहिलं होतं. सेकंड सेक्रेटरींनी, म्हणजे दूतावासातल्या एका राजनैतिक अधिकाऱ्यांनी, काही न बोलता यादी परत केली, शेजारी रुजू झाल्याच्या तारखांचा कागद ठेवून.

कॉन्सुलर विभागात, म्हणजे पासपोर्ट आणि नागरिकांच्या अडचणी बघतात तिथे, आठवडाभर तरी मागून घ्या. पासपोर्ट हरवलेला माणूस खिडकीपाशी येतो तेव्हा त्याला नियम आधी सांगायचा की पाणी आधी द्यायचं, हे तिथल्या जुन्या स्थानिक कर्मचाऱ्यांकडून शिकावं. राजदूत तीन-चार वर्षांनी बदलतात, हे लोक वीस-वीस वर्षं तिथेच असतात. त्यांच्याशी जमलं तर इंटर्नशिप सोपी जाते.

निघताना

ओळखपत्र परत करायचं, निवास परवाना रद्द करायचा असेल तर तो करायचा आणि अनुभवाचं प्रमाणपत्र घ्यायचं. त्यावर तारखा, विभाग आणि कामाचं स्वरूप असावं; नुसतं 'समाधानकारक' लिहिलेलं पुढे कुणी विचारात घेत नाही. एक मेख मात्र लक्षात ठेवा. ज्या हेग कराराच्या जोरावर तुम्ही बाकीच्या कागदांना अपॉस्टिल लावून आणलंत, त्याच्या पहिल्याच कलमात राजनैतिक आणि वाणिज्य दूतांनी दिलेले कागद वगळलेले आहेत. म्हणजे या प्रमाणपत्राला अपॉस्टिलचा रस्ता नाही. पुढे दुसऱ्या देशात ते दाखवायचं असेल तर साक्षांकन कोण करून देईल, हे दूतावासातून निघण्याआधीच प्रशासन विभागाला विचारून घ्या, आणि मूळ प्रत एकाऐवजी दोन मागा.