एकच मैत्रीण असणं ही काळजीची बाब नाही

पालकसभेत हमखास ऐकू येतं, "हिला एकच मैत्रीण, पुढे बुजरी होईल." हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत पाचवीतल्या काही मुलांना १२ वर्षांनी पुन्हा गाठलं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, लहानपणी दोन्ही बाजूंनी घट्ट अशी एक मैत्री असलेल्यांचा स्वाभिमान मोठेपणी जास्त दिसला. शाळेतल्या कामगिरीशी संबंध दिसला तो वर्गानं झिडकारण्याचा. एकच मैत्रीण असणं आणि वर्गानं झिडकारणं, या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. मधल्या सुट्टीत सरकून जागा देणारी, डब्यातला घास आपणहून पुढे करणारी एक जण असली तरी खूप आहे. कुणीच नसेल, किंवा तीच सतत टोमणे मारत असेल, तर जरूर लक्ष घाला. आणि तुकड्या बदलताना शाळांनी अशा जोड्या कृपया फोडू नयेत.