मंगळ तांबडा, पण तिखट नाही

कोल्हापुरात चटणी करताना रंगाला ब्याडगी घेतात आणि जाळाला लवंगी किंवा संकेश्वरी. लाल दिसतं ते तिखट असतंच असं नाही, हे इथल्या स्वयंपाकघराला पक्कं ठाऊक आहे. आकाशाकडे बघताना मात्र ही अक्कल बाजूला राहिली. मंगळ तांबूस दिसतो, म्हणून ज्योतिषात तो अग्नीचा, पित्ताचा, तापट माणसांचा. प्रत्यक्षात ती लाली त्याच्या मातीतल्या गंजलेल्या लोखंडाची, आणि तिथलं सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास. म्हणजे मंगळ अस्सल ब्याडगी!

तरी मंगळ आणि अग्नी या जोडीला डोळ्यांचा आधार आहे. बाकीच्यांचं काय? सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहज्जातक' या ज्योतिषग्रंथात मंगळापासून क्रमाने पाच महाभूतं वाटली आहेत: मंगळ अग्नी, बुध पृथ्वी, गुरू आकाश, शुक्र जल, शनी वायू. ग्रहांचा हा क्रम कसला? वारांचा. मंगळवार ते शनिवार. तो अंतराचा नाही, गतीचा नाही, तेजाचाही नाही. ग्रह पाच, भूतंही पाच. आकडा जुळला आणि जोड्या लागल्या, असंच यावरून वाटतं. रवी आणि चंद्र या वाटणीत नाहीतच.

शेजारी चीनमध्येही याच पाच ग्रहांना पाच तत्त्वं दिली होती. तिथं बुध पाण्याचा, शुक्र धातूचा, गुरू लाकडाचा आणि शनी मातीचा. मंगळ मात्र तिथंही आगीचा. दुसऱ्या शतकातला ग्रीक ज्योतिषी टॉलेमी मंगळाला उष्ण व कोरडा म्हणतो आणि कारण देतो त्याच्या रंगाचं व सूर्याच्या जवळिकीचं. शनी त्याच्या मते थंड व कोरडा, कारण तो सूर्याच्या उष्णतेपासून आणि पृथ्वीच्या ओलाव्यापासून सर्वांत दूर. जिथं डोळ्यांना काही दिसत होतं तिथं तिन्ही परंपरा जुळल्या. नुसती यादी भरायची वेळ आली तिथं पांगल्या.

प्रकृतीची वाटणी अधिक रंजक आहे. वराहमिहिराकडे रवी आणि मंगळ पित्ताचे, गुरू कफाचा, शनी वाताचा, चंद्र आणि शुक्र वात-कफाचे, बुधात तिन्ही दोष. यात शनीशी अडखळायला होतं. वाताचा मुख्य गुण चळवळेपणा, आणि शनी तर सर्वांत संथ. राशिचक्राच्या एका फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. पण ग्रंथातलं वर्णन बघा: उंच, कृश, राठ केसांचा, आळशी. कृशपणा आणि रुक्षपणा ही आयुर्वेदात वाताची लक्षणं, आणि म्हातारपणही वाताचंच. आधी मंद चालीवरून वृद्ध माणूस कल्पिला आणि मग त्या माणसाची प्रकृती ग्रहाला चिकटली, असा हा प्रवास असावा.

नवशिके चुकतात ते ग्रहाचं तत्त्व आणि राशीचं तत्त्व एकच धरून. राशींना तत्त्वं चारच आहेत, आकाश नाही. मेषेपासून अग्नी, पृथ्वी, वायू, जल असा फेरा तीनदा होतो. ग्रीकांची मूलतत्त्वंही चारच होती. 'बृहज्जातका'त मेषेला 'क्रिय' आणि वृषभेला 'तावुरि' ही ग्रीक नावं आहेत, हेही लक्षात ठेवावं. ग्रहांचा आणि राशींचा हे दोन हिशेब एकत्र केले की घोळ होतो. शुक्र जलाचा, पण तो ज्यांचा स्वामी मानला जातो त्या वृषभ आणि तूळ राशी अनुक्रमे पृथ्वी आणि वायूच्या. मंगळ अग्नीचा, पण त्याची वृश्चिक जलरास.

संध्याकाळी रंकाळ्याच्या पाण्यावर पश्चिमेला शुक्र चमकतो तेव्हा तो जलाचा वाटतोही. ते पांढरं तेज सल्फ्युरिक आम्लाच्या ढगांचं आहे आणि ढगांखाली जमिनीवर ४६० अंशांच्या आसपास उष्णता. शिसं तिथं वितळेल.

अशा जोड्यांवरून माणसाचा स्वभाव किंवा बुद्धी कळते का, हे तपासता येतं. १९३८ साली कोल्हापुरातच जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांसह ते तपासलं. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका घेतल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या ४० दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवली २७ जणांनी; बरोबर आली सरासरी ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, १०२ बरोबर आल्या. नाणं उडवलं असतं तर सुमारे १०० आल्या असत्या.