जंगलात सापडणारी पलटणींची बटणं

पालापाचोळा बाजूला करून वीतभर माती उकरली की ढेकळात एखादी हिरवट चकती दिसते. बोटानं माती पुसताना मागच्या बाजूची वाकलेली तारेची कडी हाताला लागते आणि हे नाणं नाही, बटण आहे, हे कळतं. पुढच्या बाजूवर आकडा, गरुड किंवा मुकुट उमटलेला असला तर डिटेक्टर (जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र) घेऊन हिंडणारा माणूस दिवसभराची पायपीट विसरतो. नाणं कुणाच्याही खिशातून पडलेलं असू शकतं. आकड्याचं बटण मात्र एका ठरावीक पलटणीसाठीच पाडलेलं असतं.

हा आकडा आला अठराव्या शतकात. फ्रान्सनं 1762 मध्ये आणि ब्रिटननं 1767 मध्ये पलटणीचा क्रमांक गणवेशाच्या बटणावर घालायचा हुकूम काढला. त्याआधीची बटणं बहुतेक साधी असत, त्यामुळे ती शिपायाची की शेतकऱ्याची हे नुसत्या बटणावरून सांगणं अवघड जातं. ब्रिटिश शिपायाचं बटण कथलाच्या मिश्रधातूचं, ओतीव आणि मऊ असे. अधिकाऱ्याच्या बटणाला सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा असे. म्हणजे आकडा तोच असला तरी धातूवरून हुद्दा कळतो. 1855 मध्ये शिपायांसाठी पितळ आलं आणि 1871 मध्ये त्यांच्या बटणांवरून आकडा जाऊन सरसकट राजचिन्ह आलं. अभ्यासकाच्या दृष्टीनं ही माहिती पुसून टाकणारी गोष्ट होती, आणि मला तरी तिची हळहळ वाटते. त्यानंतरच्या बटणांचा काळ ठरवायला मुकुटाचा आधार घ्यावा लागतो: व्हिक्टोरिया राणीचा मुकुट वेगळा, 1901 नंतरच्या राजांचा वेगळा आणि एलिझाबेथ राणीच्या काळातला पुन्हा वेगळा.

अमेरिकी यादवी युद्धातली (1861 ते 1865) बटणं खूप शोधली जातात. हे युद्ध उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं यांच्यात झालं. उत्तरेच्या शिपायाच्या बटणावर पंख पसरलेला गरुड असे. अधिकाऱ्याच्या बटणावर गरुडाच्या छातीवरच्या ढालीत पायदळ, घोडदळ किंवा तोफखान्याचं आद्याक्षर असे. बटण पालथं केलं की खरी गंमत. तिथं कारखानदाराचं नाव कोरलेलं असतं, उदाहरणार्थ कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीचा स्कोव्हिल कारखाना. दक्षिणेच्या काही बटणांमागे तर थेट इंग्लंडमधल्या व्यापाऱ्यांची नावं सापडतात. उत्तरेच्या आरमारानं बंदरांची नाकेबंदी केलेली असताना हा माल समुद्रावरून चोरून आत आला होता. करंगळीच्या नखापेक्षा थोड्या मोठ्या पितळेच्या तुकड्यावर हा सगळा व्यापार नोंदलेला आहे.

पण ही बटणं जंगलात कशी? लढाईत तुटून पडली असतील, हा पहिला अंदाज बऱ्याचदा चुकतो. लढाई एक-दोन दिवसांची, छावणी कित्येक महिन्यांची. दोरा झिजतो, कडी तुटते, फाटका कोट शेकोटीत जातो, आणि बटणं राखेसकट खड्ड्यात पडतात. 1862-63 च्या हिवाळ्यात व्हर्जिनियातल्या स्टॅफर्ड परगण्यात उत्तरेचं लाखभराहून मोठं सैन्य मुक्कामाला होतं. झोपड्या आणि सरपण यांच्यासाठी त्यांनी आसपासची झाडं तोडून माळ उघडा पाडला. आज तिथं जी झाडी आहे, ती बरीचशी त्यानंतर वाढलेली. शिपायांनी बटण हरवलं ते जंगलात नव्हे. जंगल मागाहून त्याच्यावर उगवलं. शिवाय जिथं नांगर फिरला नाही तिथं झोपडीचा खड्डा आणि चुलीची जागा अजून ओळखू येते. एक सावधगिरी मात्र हवी: जुने गणवेश साधी माणसंही वापरत, त्यामुळे एकट्या बटणावरून छावणी सिद्ध होत नाही.

शोधायच्या यंत्राचा इतिहासही दुखापतीतून आणि युद्धातून आलेला. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी हुडकायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युत-चुंबकीय यंत्र केलं. गादीतल्या पोलादी तारांनी गोंधळ केला, शिवाय डॉक्टरांनी शरीराची उजवी बाजूच तपासू दिली. गोळी डावीकडे होती. पुढं दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा अधिकारी युझेफ कोसात्स्की यानं स्कॉटलंडमध्ये हातात धरायचं सुरुंगशोधक यंत्र तयार केलं. त्याचं पेटंट न घेता त्यानं ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं, आणि 1942 मध्ये इजिप्तमधल्या एल अलामेनच्या वाळवंटात अशी 500 यंत्रं वापरली गेली. युद्धानंतर सैन्याची शिल्लक यंत्रं बाजारात आली आणि हौशी मंडळी शेता-जंगलांत हिंडू लागली. तत्त्व अजून तेच आहे: कॉइलमधला (तारेच्या वेटोळ्यातला) बदलता विद्युतप्रवाह जमिनीतल्या धातूत छोटे प्रवाह उठवतो आणि त्यांचा परतीचा संकेत यंत्राला ऐकू येतो.

पुरातत्त्वज्ञांना ही हौस बरीच वर्षं खुपत होती. तिला वेगळं वळण लागलं ते अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर, जिथं 1876 मध्ये अमेरिकी सैन्य आणि तिथले मूळ रहिवासी लढले होते. 1983 मध्ये वणव्यानं तिथलं गवत जळून गेलं आणि पुढच्या वर्षी हौशी डिटेक्टरवाल्यांना बरोबर घेऊन रांगेनं माळ तपासला गेला. जिथं संकेत मिळाला तिथं खूण रोवली, नेमकी जागा नकाशावर मांडली आणि मगच वस्तू उचलली. काडतुसांवरच्या ठशांवरून एकेक बंदूक रणभूमीवर कशी सरकत गेली हेही मांडता आलं. बटण खिशात टाकून घरी नेलं की नेमकी हीच माहिती कायमची हरवते, म्हणून कायदेही आले. अमेरिकेत 1979 पासून केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परवानगीशिवाय काढता येत नाहीत. फ्रान्समध्ये जुन्या वस्तू शोधायला डिटेक्टर वापरायचा तर 1989 पासून परवाना लागतो. घासणंही असंच घातक: ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत दीडशे वर्षं टिकलेला मुलामा निघून जातो.

नेपोलियनच्या 1812 च्या रशिया मोहिमेत थंडीनं कथलाच्या बटणांचा भुगा झाला, ही गोष्ट अजून सांगितली जाते. शुद्ध कथील साधारण 13 अंशांखाली हळूहळू करडी पूड होऊ शकतं, एवढं खरं. पण 2001 मध्ये लिथुआनियाची राजधानी विल्नियसला बांधकामाच्या खोदाईत त्या माघारीतल्या सैनिकांची सामूहिक कबर उघडी पडली. थंडी, भूक आणि आजारानं गेलेली 3 हजारांहून अधिक माणसं तिथं होती. त्यांची नावं सांगणारं काही उरलं नव्हतं. बटणं मात्र शाबूत होती, आणि त्यांच्यावरच्या आकड्यांवरून कोणकोणत्या पलटणींची माणसं तिथं पुरली आहेत ते कळलं.